एकाच्या जागी दोघे: ‘इंडियन ओशन’ची वाटचाल आणि लाखांदूरकडच्या एका संगीत मंडळीचा निर्णय

भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील एक संगीत मंडळी झाडीपट्टीच्या नाटकांना वर्षानुवर्षे साथ देत आली आहे. ज्यांनी ती उभी केली ते ऑर्गनवर बसत आणि मुख्य गायनही तेच करीत. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. मागच्या पावसाळ्यात, धानाच्या रोवणीची धांदल चालू असताना, मास्तरांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात उचलेनासा झाला आणि बोलणे अडखळू लागले. पुढे सुधारणा होईल असे डॉक्टरांनी सांगितले, परंतु दिवाळीपर्यंत ते रात्रभर गाऊ शकतील अशी आशा कोणालाच नव्हती. भाऊबीजेपासूनच्या तारखा मात्र घेतलेल्या होत्या. मंडळी मोडावी, मास्तरांसारखा दुसरा माणूस शोधावा, की आणखी काही मार्ग काढावा, हा प्रश्न पोळ्याच्या आत सुटणे भाग होते, कारण त्यानंतर वडशाच्या नाट्यकंपन्या आपले संच पक्के करतात.

मंडळीचा हिशेब मी पाहतो, त्यामुळे या काळातील बैठकांची टिपणेही माझ्याकडेच आहेत. त्या बैठकांत मी ‘इंडियन ओशन’ या दिल्लीच्या रॉक बँडचे उदाहरण मांडले. धानपट्ट्यातील नाट्यसंगीताचा आणि दिल्लीच्या रॉक बँडचा काय संबंध, असे प्रथम सर्वांनाच वाटले. परंतु त्या बँडवरही नेमका हाच प्रसंग आला होता: एकच माणूस वाद्य वाजवीत होता आणि गातही होता, आणि तो एकाएकी नाहीसा झाला. त्यानंतरही बँड टिकला. तो कसा टिकला हे समजून घेण्याजोगे आहे, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

पूर्व विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीपट्टी रंगभूमी ही शेतीच्या वेळापत्रकावर चालते. धान घरात आले, हातात पैसा आला, की गावोगावी मंडई म्हणजे जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती भरतात आणि त्या निमित्ताने गावातील मंडळ नाटक ठेवते. नाटक रात्री उशिरा उभे राहते ते पहाटेपर्यंत चालते. या रंगभूमीचे केंद्र गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजे देसाईगंज, येथे आहे. येथील ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा इतर महाराष्ट्राचे लक्ष थोडे इकडे वळले. नाटकात गाणी भरपूर असतात आणि साथ प्रत्यक्ष रंगमंचासमोर बसून केली जाते. नट ओळ विसरला, प्रवेश लांबला, प्रेक्षकांनी गाणे पुन्हा मागितले, तर पहिल्यांदा सावरतो तो ऑर्गनवाला. मास्तरांचा डोळा पेटीवर कधी नसे, नटाच्या तोंडावर असे. नटाने श्वास कुठे घेतला यावरून पुढचा सूर ठरायचा.

आता ‘इंडियन ओशन’कडे वळतो. गिटारवादक सुस्मित सेन आणि तबलावादक-गायक असीम चक्रवर्ती यांची ओळख १९८४ सालची. बँड या नावाने ते १९९० साली दिल्लीत उभे राहिले. १९९१ मध्ये राहुल राम बास गिटार घेऊन आले. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणीय विषशास्त्रात पीएच.डी. केलेला हा माणूस नर्मदा बचाव आंदोलनात काम करीत होता. १९९४ मध्ये ड्रमवर अमित किलम आले आणि ज्या चौघांना लोक पुढे ‘इंडियन ओशन’ म्हणून ओळखू लागले तो संच पुरा झाला. पहिली ध्वनिफीत १९९३ साली एचएमव्हीने काढली. त्यानंतरची, ‘डेझर्ट रेन’, १९९७ सालची, आणि ती तर प्रत्यक्ष कार्यक्रमाचे ध्वनिमुद्रण होती. दिल्लीत पथनाट्यकर्मी सफदर हाश्मी यांच्या स्मरणार्थ ‘सहमत’ या कलावंतांच्या संस्थेने भरवलेल्या कार्यक्रमात ती मुद्रित झाली. देशभर नाव झाले ते २००० सालच्या ‘कंदीसा’मुळे. म्हणजे सुरुवातीपासून दहा वर्षे गेली. एखाद्या मंडळीला पहिल्याच दोन हंगामांत नाव हवे असते, त्यांनी हा काळ ध्यानात घ्यावा.

‘कंदीसा’तील सात गाण्यांवर मी बैठकीत बराच वेळ घेतला आणि तो मला वाया गेलासा वाटत नाही. शीर्षकगीत केरळमधील सीरियन ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन अरामी भाषेची प्रार्थना आहे. ‘हिल्ले ले’ची मूळ कविता गोरख पांडे यांची, भोजपुरी वळणाची. ‘मा रेवा’ हे नर्मदाकाठचे लोकगीत, जे राहुल राम आंदोलनाच्या दिवसांत खोऱ्यातून घेऊन आले. अमित किलम ड्रमबरोबरच गबगुबी वाजवतात. आपल्याकडे जोगती-आराधी वाजवतात त्या चौंडक्याच्या कुळातले ते वाद्य आहे, एक तार आणि तिला ताण देणारा हात. विजेच्या गिटारीच्या शेजारी हे वाद्य बसते तेव्हा ते शोभेला ठेवल्यासारखे वाटत नाही, गाण्याचा ताल त्याच्यावरच उभा असतो. ‘मा रेवा’ मी मोबाइलवर ऐकवले तेव्हा आमच्या ढोलकीवाल्या भाऊंनी ते पुन्हा लावायला सांगितले. त्यांच्या बायकोचे माहेर पवनी तालुक्यातले. वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली आणि पुढे त्या पट्ट्यातील कितीतरी गावे उठली. नदीला आई म्हणून हाक मारणारे गाणे आणि त्या नदीवरचे धरण, हे दोन्ही एकाच घरात कसे राहतात हे त्यांना कोणी समजावून देण्याची गरज नव्हती.

या सर्व काळात दोन गोष्टी घडत होत्या, ज्यांचा उपयोग पुढे झाला. पहिली अशी की असीम हा मुख्य आवाज असला तरी राहुल राम आणि अमित किलम हेही गात. ऐकणाऱ्याच्या कानाला एकाच आवाजाची सवय लागलेली नव्हती. दुसरी अशी की संगीताचे श्रेय बँडच्या नावावर जात असे. ‘ब्लॅक फ्रायडे’ चित्रपटाचे संगीत, ज्यातील पीयूष मिश्रांनी लिहिलेले ‘बंदे’ सर्वतोमुखी झाले, ते ‘इंडियन ओशन’ या नावाने आहे, कुणा एका सभासदाच्या नावाने नाही. या दोन सवयी संकटासाठी म्हणून लावून घेतलेल्या नव्हत्या, परंतु संकट आले तेव्हा त्याच कामी आल्या.

२००९ च्या शरद ऋतूत असीम चक्रवर्तींना हृदयविकाराचा झटका आला आणि २५ डिसेंबर २००९ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी नव्या गाण्यांचे काम बरेच पुढे गेलेले होते आणि त्यात असीम यांचा आवाज होता. ही गाणी ‘१६/३३०, खजूर रोड’ या नावाने आली. करोल बागेतील ज्या जुन्या बंगल्यात बँडने वर्षानुवर्षे सराव केला त्याचा तो पत्ता. २०१० च्या जुलैपासून दर महिन्याला एक याप्रमाणे ती गाणी इंटरनेटवर फुकट दिली गेली. गेलेल्या माणसाचा आवाज त्यांनी कपाटात ठेवला नाही आणि विकण्यासाठी सजवलाही नाही. तो श्रोत्यांच्या हाती सोपवला. माझ्या मते या बँडच्या साऱ्या वाटचालीत हा सर्वांत सभ्य निर्णय आहे.

मंचावरची जागा मात्र भरायचीच होती. तबल्यावर तुहीन चक्रवर्ती आले आणि गायनाला हिमांशू जोशी आले. एकाच्या जागी दोघे. असीम तबला वाजवीत गात, हा त्यांचा विशेष होता. तसाच तबला वाजवीत गाणारा माणूस शोधला असता तर तो कितीही तयारीचा असला तरी प्रत्येक कार्यक्रमात त्याच्याकडे असीमची प्रतिकृती म्हणूनच पाहिले गेले असते. काम दोघांत वाटल्यामुळे ती तुलनाच मोडली. हिमांशू यांचा गळा निराळा आहे, शास्त्रीय गायकीच्या अंगाचा आहे, आणि जुनी गाणी त्यांच्या तोंडून निराळी ऐकू येतात. ज्यांना असीमच हवे होते त्यांची हळहळ यातून गेली नसेल, पण तीच गाणी पुढे गायली जाऊ लागली.

रॉकच्या इतिहासात याच प्रसंगाला इतरांनी दिलेली उत्तरे तुलनेसाठी पाहावीत. १९८० हे एकच वर्ष घेतले तरी पुरे. त्या वर्षी १९ फेब्रुवारीला ऑस्ट्रेलियाच्या ‘एसी/डीसी’ या बँडचा गायक बॉन स्कॉट मरण पावला; बँडने ब्रायन जॉन्सनला घेतले आणि पाच महिन्यांत, २५ जुलैला, ‘बॅक इन ब्लॅक’ काढली, जी जगात सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक ठरली. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला इंग्लंडच्या ‘लेड झेपेलिन’चा ड्रमवादक जॉन बॉनहॅम गेला आणि डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी बँड थांबवत असल्याचे जाहीर केले. ‘क्वीन’ने तिसरी वाट घेतली: १९९१ मध्ये फ्रेडी मर्क्युरी गेल्यानंतर पुढे ज्या गायकांबरोबर कार्यक्रम केले त्यांचे नाव बँडच्या नावापुढे अधिकचे चिन्ह घालून स्वतंत्र लावले, म्हणजे नवा गायक हा पाहुणा आहे हे जाहिरातीतच स्पष्ट राहिले. यांतला कोणताही निर्णय चूक म्हणता येणार नाही. ‘लेड झेपेलिन’च्या तिघांनी थांबणे हे हार मानणे नव्हते, चौघांचा मिळून जो आवाज होतो तो तिघांचा होत नाही, असे त्यांना वाटले आणि तसे त्यांनी स्पष्ट सांगितले. आमच्या तबलजींचा कल सुरुवातीला याच बाजूला होता. “मास्तर नाही त मंडळी कायची?” असे ते म्हणाले आणि बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

त्यांना उत्तर मिळाले ते २०१३ सालाकडून. त्या वर्षी सुस्मित सेन यांनीही ‘इंडियन ओशन’ सोडले. १९९० साली ज्या दोघांनी बँड काढला त्यांपैकी आता एकही उरला नव्हता. सुस्मित यांच्या गिटारीतून कितीतरी रचनांची सुरुवात झालेली, त्यामुळे हा धक्का पहिल्याहून लहान होता असे मुळीच नाही. गिटारवर निखिल राव आले. २०१४ मध्ये ‘तांदानू’ आली, तिच्यात शुभा मुद्गल, विश्वमोहन भट्ट, शंकर महादेवन, सेल्वगणेश, कर्श काळे अशा बाहेरच्या कलावंतांना गाण्यागणिक सोबत घेतले होते. मला यात एक शहाणपण दिसते: संच बदलत असताना प्रत्येक गाण्यात पाहुणा असेल तर ऐकणारा जुन्या-नव्याची मोजणी करीत बसत नाही. २०१५ मध्ये ‘मसान’ चित्रपटाचे संगीत त्यांनी दिले, आणि २०२३ मध्ये ‘तू है’ ही नवी ध्वनिमुद्रिका काढली. दोन्ही संस्थापकांशिवाय बँडने आता दहा वर्षांहून अधिक काळ काढला आहे. राहुल राम १९९१ चे आणि अमित किलम १९९४ चे. बँडची स्मृती त्यांच्याकडे आहे. म्हणजे संस्थापकानंतर लगेच आलेली माणसे टिकली तर घर टिकते. आमचे तबलजी मास्तरांनंतर दुसऱ्याच हंगामात आलेले आहेत, हे मी त्यांना या जागी दाखवून दिले.

त्यानंतर प्रत्यक्ष पर्यायांचा विचार झाला. ब्रह्मपुरीकडील एक गायक हुबेहूब मास्तरांसारखे गातो, ऑर्गनही वाजवतो. डोळे मिटून ऐकले तर फरक कळत नाही. कंपनीचा आग्रह त्याच्यासाठी होता, कारण गावोगावच्या मंडळांना काहीच समजावून सांगावे लागले नसते. दुसरा पर्याय स्वस्त होता: आमच्या कीबोर्डवाल्या पोराने ऑर्गनचे काम ओढून घ्यावे आणि फक्त गायक बाहेरून आणावा. परंतु प्रवेशाच्या वेळचे आवाज, वादळ, दाराची कडी, खलनायकाची चाल हे सगळे कीबोर्डवर असते. नटाच्या श्वासावर डोळा ठेवून तेही करणे एका माणसाच्या हाताबाहेरचे आहे. तिसरा पर्याय दोन माणसांचा. ऑर्गनसाठी अर्जुनी मोरगावकडचे एक निवृत्त शिक्षक तयार होते, आणि गायनासाठी मास्तरांचाच भाचा, जो गुरुदेव सेवा मंडळाच्या खंजिरी भजनांत वाढलेला आहे.

भाच्याने पहिल्याच बैठकीत एक अट घातली. “मले मामासारखं गायले सांगू नका, दादा. मी माह्या गळ्यानंच गाईन.” मास्तर त्या बैठकीला खाटेवर होते. त्यांनी डावा हात वर करून होकार दिला, आणि ब्रह्मपुरीच्या गायकाचा विषय तेथेच संपला.

अट मान्य करणे सोपे होते, ती निभावण्यात काम होते. मास्तर काळी तीन या पट्टीत गात. जुन्या नाट्यगायकांप्रमाणे त्यांचा आवाज चढा होता. भाच्याचा गळा काळी एकवर बसतो. कीबोर्डवर कळ दाबली की पट्टी बदलते, ऑर्गनवर मात्र बोटेच बदलावी लागतात, आणि तबल्याचे तर एवढ्या फरकाला तोंडच बदलते. तबलजींना मोठ्या तोंडाचा दुसरा तबला घ्यावा लागला. खालच्या पट्टीत आल्यावर काही गाणी खुलली, काही फिकी पडली. युद्धाच्या प्रसंगाचे एक गाणे इतके निस्तेज झाले की ते समूहाकडे दिले. आता ते तिघे मिळून गातात आणि माझ्या मते ते पूर्वीपेक्षा चांगले होते. ‘इंडियन ओशन’मध्ये तीन गळे आधीपासून होते म्हणून असीम यांच्यानंतर गाणी बंद पडली नाहीत, आमच्याकडे ती सवय नव्याने लावावी लागली.

पैशाचा प्रश्न अधिक अवघड होता. मास्तरांचा वाटा दीड आणि इतर चौघांचा एकेक, असे साडेपाच वाटे पूर्वी पडत. नव्या दोघांना एकेक धरला तर सहा होतात. शिवाय चाली मास्तरांच्या आहेत आणि औषधपाणी चालू आहे, म्हणून त्यांचा अर्धा वाटा कायम ठेवावा, असे मी सुचवले. उदाहरणापुरता आकडा घ्यायचा तर एका प्रयोगाचे ११,००० रुपये मिळाल्यास पूर्वी वाटा २,००० रुपयांचा पडे, तो साडेसहा वाटे झाल्यावर १,६९० रुपयांच्या आसपास येतो. साथ करणारी ही माणसे पावसाळ्यात शेतावर किंवा मजुरीवर असतात आणि वर्षाची रोकड याच चार-साडेचार महिन्यांत कमावतात. रात्रीमागे तीनशे रुपये कमी होणे ही त्यांच्यासाठी लहान गोष्ट नाही. ऑक्टोपॅडवाल्याने आपली अडचण उघड बोलून दाखवली आणि त्यात त्याचे काहीही चुकले नाही. शेवटी असे ठरले की मास्तरांचा अर्धा वाटा त्यांच्या चालीची गाणी ज्या नाटकात असतील त्याच प्रयोगांपुरता काढायचा. कंपनीकडून प्रयोगामागे थोडी वाढही मिळाली, परंतु तिने सगळी तूट भरून निघाली नाही.

नावाबाबत ‘क्वीन’चा मार्ग थोडा फिरवून घेतला. पोस्टरवर मंडळीचे नाव तेच राहिले, मास्तरांचे नाव संगीत मार्गदर्शक म्हणून वर राहिले आणि खाली गायक व ऑर्गनवादक यांची नावे वेगवेगळी छापली. गावात मास्तर आले नाहीत म्हणून फसवणूक झाली असे कोणाला वाटू नये, हा त्यामागचा हेतू. साकोलीकडील एका गावच्या मंडळाने तरीही मानधन कमी करण्याचा आग्रह धरला आणि तो मान्य करावा लागला. बाकीच्या गावांनी घेतलेल्या तारखा पाळल्या. मंडईच्या दिवसांत तरुण पोरांनी भाच्याकडे खंजिरीवरचे भजन मागण्याचा प्रकार सुरू झाला, तो नाटकाच्या मध्येच येत असल्याने दिग्दर्शकाला रुचला नाही. आता ते नांदीच्या आधी होते.

मास्तरांच्या चालींची वही हे शेवटचे काम राहिले होते. वहीत गाण्यांचे शब्द आहेत, सूर नाहीत, आणि कोणती चाल जुन्या दंडारीतून, म्हणजे इकडच्या लोकनाट्यातून, आली, कोणती त्यांनी स्वतः बांधली, हे एकट्या त्यांनाच ठाऊक आहे. ऑर्गन वाजवणारे गुरुजी आठवड्यातून एकदा त्यांच्याकडे जाऊन बसतात. गुरुजी चाल वाजवतात, मास्तर चुकीच्या जागी मान हलवतात, आणि भाचा मोबाइलवर मुद्रित करतो. निम्म्याहून अधिक वही झाली आहे. मास्तरांच्या चालींपुढे त्यांचे नाव लिहिले जात आहे, दंडारीच्या चालींपुढे ज्या गावाकडून ती शिकली त्या गावाचे. यापुढे बांधल्या जाणाऱ्या चाली मंडळीच्या नावावर घालायच्या की बांधणाऱ्याच्या, हा विषय होळीनंतरच्या बैठकीत ठेवला आहे. तबलजी मंडळीच्या नावाच्या बाजूचे आहेत, मीही आहे. भाच्याने अजून आपले मत दिलेले नाही, आणि पुढच्या बहुतेक चाली तोच बांधणार असल्यामुळे त्याच्या मतावाचून हा निर्णय घ्यायचा नाही, एवढे सर्वांनी मान्य केले आहे.